माद्रिदमध्ये राहायला जाताय? घराआधी बार्रिओ निवडा

माद्रिदमध्ये ‘ला लातीना’ आणि ‘लातीना’ ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. पहिलं जुन्या शहराच्या पोटात आहे: अरुंद गल्ल्या, खाण्याची दुकानं, रविवारी भरणारा रास्त्रोचा जुना बाजार. दुसरं नदीपलीकडे नैऋत्येला पसरलेला मोठा प्रशासकीय विभाग, त्यात आलुचे, लुसेरो वगैरे वस्त्या येतात. दोन्हींत वाईट काही नाही. पण पुण्यात किंवा नागपुरात बसून फोनवर जाहिरात बघणाऱ्याला हा फरक दिसत नाही. दर ऑगस्ट-सप्टेंबरात कुणीतरी मला कळवतं, “ताई, ला लातीनात स्वस्तात खोली मिळाली.” मी पत्ता मागवते, आणि बहुतेक वेळा तो नदीपलीकडचा निघतो.

माद्रिदला मी २०१६ मध्ये आले. तेव्हापासून तीन वस्त्यांत राहिले आणि ओळखीच्या बऱ्याच जणांसोबत घरं बघत फिरले. बार्रिओ म्हणजे आपल्याकडची पेठ किंवा वाडी. माद्रिदकर माणूस शहरात कमी आणि आपल्या बार्रिओत जास्त राहतो. भाजी, औषधं, कॉफी, डॉक्टर, संध्याकाळी मुलांना खेळायला चौक, सगळं दहा मिनिटांच्या चालीत. म्हणून घर थोडं लहान असलं तरी चालतं. बार्रिओ चुकला तर मात्र रोज उठून त्रास होतो.

सुरुवात रोज जिथे जायचं तिथून करा

कागदावर एकच पत्ता लिहा: कॉलेजचा किंवा ऑफिसचा. दोघं नोकरी करणारे असाल तर दोन. नकाशावर त्याच्या सर्वांत जवळचं मेट्रो स्टेशन शोधा, ते कोणत्या मार्गावर आहे बघा आणि घर त्याच मार्गावर शोधायला लागा. माद्रिदची मेट्रो १९१९ मध्ये सोल, म्हणजे शहराच्या मधोमधचा चौक, ते क्वात्रो कामिनोस अशी सुरू झाली. आज तिचं जाळं इतकं दाट आहे की कुठूनही कुठेही जाता येतं. थकवा येतो तो गाडी बदलताना. काही स्टेशनांत एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला पाच-सात मिनिटं भुयारं आणि सरकते जिने पार करावे लागतात. एकही बदल नसलेला चाळीस मिनिटांचा प्रवास दोन बदलांच्या तीस मिनिटांपेक्षा सुखाचा, असं माझं ठाम मत आहे.

कोम्प्लुतेन्से विद्यापीठात जाणार असाल तर मार्ग ६ आणि मोंक्लोआला येणारा मार्ग ३ पाहा. आउतोनोमा विद्यापीठ उत्तरेला कांतोब्लांकोला आहे, तिथे सेर्कानियास म्हणजे लोकल गाडीने जायचं असतं. तिथे शिकणाऱ्यांनी सोलजवळ घर घेण्यापेक्षा चामार्तीनच्या बाजूला बघावं. कार्लोस तेर्सेरो विद्यापीठाचे मोठे कॅम्पस खेताफे आणि लेगानेस या दक्षिणेच्या वेगळ्या शहरांत आहेत. माद्रिदमध्ये शिकायचं म्हणून माद्रिदच्या मधोमध खोली घ्यायची आणि रोज उलट दिशेला जायचं, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. आयटीवाल्यांची ऑफिसं लास ताब्लास, खुलियान कामारीयो रस्ता, मेंदेस आल्वारो अशी विखुरलेली आहेत. कंपनीच्या पत्रात नुसतं ‘माद्रिद’ लिहिलेलं असेल तर नेमका पत्ता विचारून घ्या.

नकाशावर न दिसणारी आणखी एक गोष्ट. मार्ग १० उत्तरेकडे जाताना त्रेस ओलिवोसला गाडी बदलावी लागते. मार्ग ९ वर पुएर्ता दे अर्गांदाला आणि मार्ग ७ वर एस्तादिओ मेत्रोपोलितानोला तेच. नकाशात रेघ एकाच रंगाची असली तरी माणसं उतरतात आणि समोरची दुसरी गाडी पकडतात.

भाड्याचा विचार करताना मेट्रो-बसच्या पासचा झोनही बघा. शहर बहुतांशी ‘ए’ झोनमध्ये आहे, बाहेरची गावं ‘बी’मध्ये. पण २६ वर्षं पूर्ण होण्याआधी मिळणारा तरुणांचा मासिक पास सगळ्या झोनमध्ये चालतो, आणि तो स्वस्त आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांनी झोनच्या नावाने घाबरू नये.

बदाम आणि बदामाबाहेर

जुन्या शहराभोवती एम-३० नावाचा वर्तुळाकार महामार्ग आहे. त्याच्या आतल्या भागाचा आकार बदामासारखा, म्हणून माद्रिदकर त्याला ‘आल्मेंद्रा सेंत्राल’, मधला बदाम, म्हणतात. शहरात २१ विभाग आणि १३१ बार्रिओ आहेत. त्यातले सात विभाग बदामात येतात: सेंत्रो, अर्गान्सुएला, रेतीरो, सालामांका, चामार्तीन, तेतुआन आणि चांबेरी. बदामाची कड ओलांडली की भाडं उतरतं, आणि पुष्कळदा घर मोठं मिळतं.

सरकारी नावं आणि लोकांच्या तोंडातली नावं जुळत नाहीत, हे लक्षात ठेवा. लावापिएस सरकारी नकाशात एंबाखादोरेस या बार्रिओत येतं. मालासान्याचं नाव तिथे उनिवेर्सिदाद आहे. ते ऐकून विद्यापीठाजवळचं समजू नका, विद्यापीठाचा परिसर सिउदाद उनिवेर्सितारिया, तो दूर आहे. चुएका म्हणजे खुस्तीसिया. आणि जाहिरातीत ‘सालामांका’ दिसलं तर माद्रिदचा विभाग की दोनशे किलोमीटरवरचं सालामांका शहर, तेही एकदा तपासा.

कोणता बार्रिओ कुणाला

लावापिएसपासून सुरू करते, कारण आपल्या लोकांना तिथे पहिल्या दिवशी घरी आल्यासारखं वाटतं. बांगलादेशी दुकानदारांची किराण्याची दुकानं आहेत. पीठ, डाळी, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, भेंडी सगळं मिळतं. तिथल्या जुन्या ‘कोर्राला’ बघितल्यावर मला गिरगावातली चाळच आठवली: मधे चौक, चारी बाजूंनी लाकडी कठड्यांची सज्जं, सज्जाला लागून खोल्या, दोरीवर वाळणारे कपडे. मेसोन दे पारेदेस रस्त्यावरची कोर्राला तर मुद्दाम जाऊन पाहावी अशी आहे. पण लावापिएस चढावर वसलंय, घरं लहान, अंधारी, बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही, आणि पर्यटकांच्या फ्लॅटमुळे भाडी चढली आहेत. बाजारहाटाला तिथे जा. राहायचं असेल तर आधी एक शनिवार रात्र तिथे काढा.

मालासान्या, चुएका, वेर्तास या नावांना तरुण मुलं भुलतात. माझी पहिली खोली मालासान्यातच होती, खाली बार. त्या बारचा दोष नव्हता, तो माझ्या आधीपासून तिथे होता. मी घर पाहिलं सकाळी अकरा वाजता, आणि राहायला लागले रात्रीसुद्धा. स्पेनमध्ये जेवण रात्री नऊ-दहाला सुरू होतं, मग माणसं दारासमोर उभं राहून बोलतात. या भागात आवाज इतका वाढलाय की महापालिकेने सेंत्रो विभाग ध्वनिसंरक्षणाचं विशेष क्षेत्र ठरवलाय. अशा क्षेत्रात घर बघत असाल तर बेडरूमची खिडकी कुठे उघडते, हा पहिला प्रश्न विचारा.

चांबेरी मला फार आवडतं. ओलाविदेच्या चौकात संध्याकाळी आजोबा, बाळं, कुत्री, कॉलेजची मुलं एकत्र दिसतात. भाडं मात्र तगडं. सालामांका विभाग त्याहून महाग, त्याच्याविषयी एवढंच.

तेतुआनकडे पुरेसं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. ब्रावो मुरीयो हा रस्ता त्याच्या मधून जातो. रस्त्याच्या पूर्वेला कास्तेयाना या रुंद हमरस्त्याच्या दिशेने उंच इमारती आणि ऑफिसं, पश्चिमेला चढउताराच्या गल्ल्यांत बैठी-दुमजली जुनी घरं आणि दोमिनिकन, इक्वाडोरी कुटुंबांची वस्ती. एकाच विभागाच्या या दोन बाजूंच्या भाड्यांत मोठी तफावत आहे. माराविल्यासचा प्रचंड मोठा बाजार इथेच आहे. क्वात्रो कामिनोसवरून मार्ग ६ ने कोम्प्लुतेन्से तीन स्टेशनांवर. विद्यार्थ्यांना मी हल्ली पहिल्यांदा इथेच पाठवते.

कुटुंबासाठी अर्गान्सुएला बघा. देलिसियास आणि लेगास्पी मार्ग ३ वर आहेत, तिथून सोल आणि मोंक्लोआ थेट. एम-३० चा नदीकाठचा भाग जमिनीखाली नेऊन वर ‘माद्रिद रिओ’ बाग केली, ती २०११ मध्ये पूर्ण झाली. मुलांना सायकल शिकवायला याहून चांगली जागा शहरात मला माहीत नाही. जुना कत्तलखाना, मातादेरो, आता कलाकेंद्र झालाय. रेतीरो विभागातलं पासीफिको अशाच शांत प्रकृतीचं, मार्ग १ आणि ६ तिथे मिळतात.

बदामाबाहेर आल्यावर माझी पसंती पुएब्लो नुएबो. सध्या मी तिथेच राहते, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. हा सिउदाद लिनेआल विभागाचा भाग आहे. एका लांबलचक रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शहर वसवायचं, अशी आर्तुरो सोरिया यांची एकोणिसाव्या शतकातली कल्पना होती, तिच्यावरून विभागाला नाव मिळालं. मार्ग ५ आणि ७ इथे छेदतात. खुलियान कामारीयोच्या ऑफिसांना काही जण चालत जातात. बाजार आहे, फळवाले आहेत, केशकर्तनालयं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. दिसायला सुंदर असं काही नाही.

काराबांचेल आणि बायेकास १९४८ आणि १९५० पर्यंत वेगळी गावं होती, आणि तिथला माणूस अजून स्वतःला आधी तिथला म्हणवतो. भाडं परवडतं, शेजार आपुलकीचा. पण चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती खूप आहेत. आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर याचा विचार करा. उसेरात चिनी वस्ती मोठी आहे, भाज्या आणि तांदूळ स्वस्त मिळतात.

उत्तरेकडे सांचिनारो, लास ताब्लास, वाल्देबेबास ही नवी वसाहत. आतल्या चौकात पोहण्याचा तलाव, गॅरेज, लिफ्ट, नवं बांधकाम. लहान मुलं आणि गाडी असेल तर सोयीचं. पण इमारती आतल्या बाजूला तोंड करून उभ्या असल्याने रस्त्यावर दुकानं कमी, आणि भाषा न येणाऱ्या, दिवसभर घरी असणाऱ्या जोडीदाराला तिथे एकटेपणा येतो. हे मी दोन मैत्रिणींच्या घरी जवळून पाहिलं, म्हणून आवर्जून सांगते. ऑफिस कुणाचं जवळ आहे यासोबत दिवसभर त्या वस्तीत कोण राहणार आहे, हेही घरात बसून बोला.

भारतातून सही करू नका

पहिले तीन-चार आठवडे तात्पुरतं राहा. विद्यार्थी निवास, ओळखीच्यांकडची खोली, महिनाभराचं भाड्याचं घर, काहीही चालेल. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, त्यालाही हे बहुधा पुरतं. ‘घरमालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरोही देऊ नका.

या आठवड्यांत दोन-तीन बार्रिओ निवडा आणि प्रत्येकात तीनदा जा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला, त्या स्टेशनवरून प्रत्यक्ष ऑफिसपर्यंत प्रवास करून. एकदा दुपारी तीनला, जेव्हा छोटी दुकानं बंद असतात आणि उन्हात सावली कुठे आहे ते कळतं. एकदा शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री बारानंतर. मेट्रो सकाळी ६ ते रात्री १:३० चालते. त्यानंतर सिबेलेस चौकातून ‘बूओ’, म्हणजे घुबड, नावाच्या रात्रीच्या बस सुटतात. तुमच्या घराजवळ कोणती थांबते ते बघून ठेवा. फिरताना इमारतीसमोर काच टाकायचा मोठा डबा आहे का तेही पाहा. रात्री त्यात बाटल्या पडतात तेव्हा दुसऱ्या मजल्यावरही जाग येते, आणि इथे कचऱ्याची गाडीसुद्धा रात्रीच येते.

ऑगस्टमध्ये बार्रिओ पारखू नका. अर्धं शहर सुट्टीवर जातं, दुकानांची शटर खाली असतात, गजबजलेला रस्ताही शांत वाटतो. त्याच दिवसांत विद्यार्थ्यांची घरांसाठी झुंबड सुरू होते, त्यामुळे घाईने सही होते. जमलं तर जून-जुलैत किंवा थेट ऑक्टोबरात शोधा.

जाहिरात वाचायला शिका

इदेआलिस्ता आणि फोतोकासा ही दोन पोर्टलं मुख्य. भाड्याचा अंदाज हवा असेल तर एवढं धरा: २०२४ अखेर जाहिरातींत मागितलं जाणारं भाडं शहरात सरासरी दर चौरस मीटरला महिन्याला २० युरोच्या पुढे गेलं होतं. चांबेरी, सालामांका त्याच्या बरेच वर, बायेकास आणि काराबांचेल खाली. घरमालक किंवा त्यांची विमा कंपनी सहसा भाडं पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं अशी अपेक्षा धरतात आणि पगारपत्रक, म्हणजे ‘नोमिना’, मागतात. नवीन आलेल्याकडे ते नसतं. नोकरीचा करार आणि बँकेतली शिल्लक दाखवायची तयारी ठेवा.

‘एक्स्तेरिओर’ म्हणजे रस्त्याकडे खिडक्या, ‘इंतेरिओर’ म्हणजे आतल्या चौकाकडे. इंतेरिओर घर स्वस्त आणि शांत, पण काही ठिकाणी दुपारीही दिवा लावावा लागतो. ‘बाखो’ म्हणजे तळमजला. ‘सेमिसोतानो’ अर्धं जमिनीखाली, ते टाळा. मजले मोजताना जपा: जुन्या इमारतीत तळमजल्याच्या वर आधी ‘एंत्रेसुएलो’ आणि ‘प्रिन्सिपाल’ असे मजले असू शकतात आणि ‘प्रिमेरो’ त्यानंतर येतो. कागदावरचा तिसरा मजला चढताना पाचवा निघतो. ‘सिन आसेंसोर’ म्हणजे लिफ्ट नाही.

गरम करण्याची सोय कोणती, हे विचारल्याशिवाय निघू नका. माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पहाटे पारा शून्याजवळ येतो, उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो. विदर्भातल्यांना ऊन नवं नाही, थंडी नवी आहे. ‘कालेफाक्सियोन सेंत्राल’ असेल तर पूर्ण इमारतीला ठराविक काळात ऊब मिळते आणि खर्च बहुधा भाड्यात किंवा सोसायटीच्या वर्गणीत असतो. काही जुन्या घरांत गॅसचा नारिंगी सिलिंडर आहे, तो वर चढवून आणावा लागतो. विजेवर चालणारे जुने रेडिएटर असतील तर बिल जड जाईल. सर्वांत वरच्या मजल्याचं घर ‘आतिको’, गच्ची छान असते, पण जुलैत एसीशिवाय तिथे झोप येत नाही.

सही करण्याआधी

राहण्यासाठीच्या नेहमीच्या करारात भाडेकरूला पाच वर्षं राहता येतं, मालक कंपनी असेल तर सात. सहा महिन्यांनंतर तीस दिवसांची सूचना देऊन तुम्ही निघू शकता. कायद्याने एक महिन्याचं भाडं अनामत असतं, त्यावर जास्तीत जास्त आणखी दोन महिन्यांची हमी मागता येते. मे २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर या करारात एजंटचा खर्च मालकाने द्यायचा आहे. तुमच्याकडे ‘एक महिना एजंटचा’ मागितला तर विचारा, कशासाठी?

अडचण ‘तेंपोरादा’ म्हणजे हंगामी कराराची. त्याला वरची संरक्षणं तशी लागू होत नाहीत, आणि आज पुष्कळ घरं अकरा महिन्यांच्या या करारावर दिली जातात. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला ते ठीक. पण नोकरीसाठी कायमचं येत असाल तर कराराच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते स्पॅनिश जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ‘या पत्त्यावर एम्पाद्रोनामिएन्तो करता येईल का?’ महापालिकेच्या रहिवासी नोंदीत तुमचं नाव लागणं म्हणजे एम्पाद्रोनामिएन्तो. सरकारी दवाखान्याचं कार्ड, मुलांची शाळा, परदेशी नागरिकाचं टीआयई कार्ड, अशा ठिकाणी ही नोंद मागतात. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याने टीआयईसाठी आल्यापासून एका महिन्यात अर्ज करायचा असतो, म्हणजे वेळ थोडा. खोली भाड्याने देणारे काही जण ‘नोंद करू देणार नाही’ म्हणतात. मला पहिल्या घरात हेच ऐकायला मिळालं, तेही सही झाल्यावर, आणि दोन महिने मी डॉक्टरांचं कार्ड नसताना काढले. बार्रिओ कितीही आवडला तरी ‘नाही’ म्हटलं तर ती खोली सोडा. नोंदीची वेळ ०१० या महापालिकेच्या क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर घ्यावी लागते, भाडेकरार आणि पासपोर्ट सोबत न्यायचा. कायमचा परवाना नसलेल्या आपल्यासारख्यांना ही नोंद दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

किल्ली मिळाली की वीज, पाणी, गॅसच्या मीटरचे आकडे आणि भिंतीवरचे जुने डाग यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. मग खाली जाऊन टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा, पासपोर्टावर आहे तसंच. नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि सरकारी पत्रं इथे अजून टपालानेच येतात.